जनावराला कारण लागत नाही

संपत,

लोक विचारतात, बाई, तुमचा तो पिक्चरवाला विद्यार्थी कशानं गेला हो? मी सांगते, कुत्रं चावलं होतं. समोरचा माणूस जरासा थांबतो. त्याचं हसू ओठापर्यंत येऊन परत फिरताना मला दिसतं. त्यानं तुझे पिक्चर पाहिलेले असतात ना. मळ्यातून उठणारं आग्यामोहोळ, माळावरच्या घोणशी, माणसाचे डोळे काढून नेणारे कावळे. एवढं सगळं अंगावर सोडणाऱ्या माणसाला गल्लीतलं कुत्रं पुरावं, हे त्याला आधी खोटंच वाटतं. मग खरं वाटतं आणि तो दुसरीकडे बघायला लागतो. मी रागावत नाही कुणावर. तू असतास तर तूही हसला असतास आणि म्हणाला असतास, "बाई, हे वापरता यील."

शोकसभेत मला बोलायला उभं केलं. मी 'गुणी विद्यार्थी' असं काहीतरी म्हणाले आणि खाली बसले. गुणी तू कधीच नव्हतास. मी आठवीला विज्ञान शिकवायचे आणि तू मागच्या बाकावर बसायचास. बेडकाच्या पचनसंस्थेची आकृती काढायला सांगितली, तर तू बेडकाच्या तोंडातून माणसाचा पाय बाहेर आलेला दाखवलास. मी ओरडले नाही. पाय फार चांगला काढला होतास. घोट्याचं हाड, टाचेच्या भेगा, सगळं.

सभेत जे बोलता आलं नाही ते इथे लिहितेय. आणि खरं सांगायचं तर मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धं राहिलंय.

मी निवृत्त झाले त्याच वर्षी तू घरी आलास. तोवर शेवगावात तुझा लग्नाच्या शूटिंगचा धंदा चांगला चालला होता. हातात पेढे होते. मला वाटलं, मूलबाळ झालं. तू म्हणालास, "मोठा कॅमेरा घेतला, बाई. आता पिक्चर काढनार. तुमाला जनावरांचं सगळं माहीत हाय. मला ष्टोरी लिहून द्या."

"कसली स्टोरी?"

"जनावरं मानसांवर उलटत्यात. अशी."

मी चहा ठेवायला आत गेले आणि आतूनच म्हणाले, हे असले पिक्चर लोक कशाला बघतील? तू म्हणालास, "बाई, आपल्याकडं तिन्हीसांजेला उसाकडं बघत बघतच मानूस घरी येतो. त्याला वेगळं भ्या दाखवायची गरजच न्हाई. फक्त तिकडं कॅमेरा लावायचा."

मी लिहायला लागले. घरात मी एकटी. रविवारी उपासना झाली की मी डबा घेऊन तुमच्या शूटिंगला यायचे. चर्चमधल्या बायका विचारायच्या, बाई, देवानं निर्मिलेल्या प्राण्यांबद्दल तुम्ही असलं काय लिहिता? मी म्हणायचे, बायबलातल्या योनाला गिळायलासुद्धा मासा त्यानंच पाठवला होता. हे उत्तर मी तुला सांगितलं तेव्हा तू रस्त्यावर मोटरसायकल थांबवून हसला होतास.

काय दिवस होते ते. काळे तीळ आणि चहाची पावडर टेबलफॅनपुढे उडवून आपण आग्यामोहोळ उठवलं. सायकलच्या जुन्या ट्यूबा कापून, त्यांना रंग देऊन घोणशी केल्या. दशक्रियेच्या घाटावर भात टाकून कावळे जमवले, तर कावळे आले आणि आपल्याकडे ढुंकूनही न बघता भात खाऊन गेले. आपल्या कॅमेरावाल्या अशोकनं त्यांच्या डोळ्यांवर कॅमेरा नेला आणि त्या एका डोळ्यावर तू अख्खा पिक्चर उभा केलास. कॅमेरा अशोकचा, मेकअप आणि मरणं तुझ्या बायकोचं, लताचं, लिहिणं माझं आणि बाकीचं सगळं तुझं. प्रत्येक पिक्चरमध्ये लताच मरायची. दुसरी कोणी बाई यायला तयार नव्हती आणि लतासारखं मरायलाही कुणाला येत नव्हतं.

आपलं भांडण तिथंच सुरू झालं, आठवतं? लता बांधावर मरून पडली होती. गूळ आणि कुंकू कालवून रक्त केलेलं. तू शॉट लांबवत होतास. गुळाला मुंग्या लागल्या, खऱ्या, लाल. तिच्या मानेवरून, कानामागून चढल्या. तू थांब म्हणाला नाहीस म्हणून ती बिचारी श्वास धरून तशीच पडून राहिली. उठली तेव्हा मान सुजलेली. आख्ख्या रानाला ऐकू जातील अशा शिव्या तिनं तुला घातल्या. पण तो शॉट बघताना लोक आपापल्या मानेवरून हात फिरवतात, हे मी स्वतः पाहिलंय.

तू म्हणालास, "बघा बाई. मुंग्यांचं आपन काय वाकडं केलं हुतं?"

"गूळ लावला होतास, संपत."

"मंग गूळ हे कारन झालं का?"

"हो. झालं."

"ह्याला कारन म्हनत्यात तर मग मानूस असनं हेच कारन."

मी प्रत्येक गोष्टीत कारण लिहायचे. कारखान्याच्या मळीचं पाणी ओढ्याला सोडलं म्हणून मासे बिथरले. फवारणीमुळं माश्या पिसाळल्या. पिल्लू मारलं म्हणून मादी मागं लागली. आणि तू प्रत्येक वेळी नेमकं तेवढंच पान काढून टाकायचास. एकदा मी वही आपटून निघाले, तेव्हा तू गाडी आडवी लावलीस आणि उन्हात उभा राहून मला समजावलंस. ते शब्द मला जसेच्या तसे आठवतात. "कारन कळलं की मानूस निवांत होतो, बाई. त्याला वाटतं, मी तर मळी सोडली न्हाई, मी तर पिल्लू मारलं न्हाई. मला काय व्हनार न्हाई. मंग तो जाऊन झोपतो. मला त्याला झोपू द्यायचं न्हाई. जनावराला कारन लागत न्हाई."

"विनाकारण काही होत नाही. हे मी तुला आठवीत शिकवलंय."

"म्हनून तर नापास झालो."

मी चिडून गाडीवर मागे बसले. तू मला घरी सोडलंस. वादात कोणी हरलं नाही, फक्त पान निघालेलंच राहिलं.

शेवटच्या पिक्चरचं नाव तू आधीच ठरवून आला होतास. 'उसात बसलंय'. वस्तीवर एक घर, घरात लता, समोर ऊस. उसाच्या कडेला एक जनावर येऊन बसतं. काही करत नाही. नुसतं घराकडे बघतं. दुसऱ्या दिवशीही येतं. शेजारची माणसं एकेक करून वस्ती सोडून जातात. बस. मी विचारलं, आणि शेवट? तू म्हणालास, शेवटी ते उठतं.

बिबट्या कुठून आणायचा हा प्रश्न होता, तर तो स्वतःच चालत आला. पिवळं, उंच, लांब शेपटीचं एक कुत्रं शूटिंगच्या जागी येऊन बसलं. अशोकनं त्याचं नाव हिरो ठेवलं. तू बाजारातून केसांना लावायची काळी मेंदी आणलीस आणि दाढीच्या ब्रशनं त्याच्या अंगावर ठिपके काढलेस. लांबून, उन्हाच्या झळांमधून ते कुत्रं उसाच्या कडेला बसलेलं दिसलं तेव्हा, संपत, मी सांगते, कडुनिंबाखाली बसल्या जागी मी पाय जवळ ओढून घेतले. मेंदी मीच पाहिली होती लावताना. तरी.

संक्रांत झाली होती. उसाला कोयता लागायचा होता म्हणून तू घाईत होतास. त्या दुपारी ठिपके पुसट झाले होते, तू पुन्हा काढायला बसलास. एक बाजू झाली. दुसऱ्या बाजूला वळवायला तू त्याच्या मानेखाली हात घातलास आणि ते चावलं. गुरगुरलं नाही, दात दाखवले नाहीत. तळहाताच्या मांसात दात रुतवले, हात सोडला आणि ते उठून चालू लागलं. पळालंसुद्धा नाही. अर्ध्या अंगावर ठिपके घेऊन ते सावकाश उसात शिरलं, पानं हलली आणि थांबली.

मी तुला शेतातल्या पाण्याच्या पंपावर नेलं. साबण लावून हात धुतला, पुन्हा लावला, पुन्हा धुतला. तू म्हणालास, "बाई, हात झिजल आता." मी म्हणाले, झिजू दे. अशोकच्या मागं बसवून तुला सरकारी दवाखान्यात पाठवलं. पहिलं इंजेक्शन त्या दिवशीच झालं, अशोक साक्षीला होता. पुढच्यांची आठवण मी करून देत राहिले. तू म्हणायचास, "लता घेऊन जाते ना मला. लई मागं लागती." मला बरं वाटायचं. लता मागं लागली की तू ऐकतोस हे मला माहीत होतं.

हिरो परत आलं नाही. थोड्या दिवसांनी सगळ्यांच्या मोबाईलवर एक धूसर फोटो फिरला. पाटाच्या कडेनं चाललेलं ठिपक्यांचं जनावर, खाली लिहिलेलं, बिबट्याचं पिल्लू, सावध राहा. वनखात्याची माणसं येऊन पाहून गेली. तू मला फोन केलास. हसता हसता तुला बोलता येईना. "बाई, आपला पिक्चर चालू झाला." मीही हसले. आता तो फोटो पाहते तेव्हा मला फक्त त्याची चाल दिसते. मागचा पाय ओढत चाललंय ते.

मग पाटाजवळच्या वस्तीवर एक गाय गेली. रात्रंदिवस हंबरत होती, पाण्याला तोंड लावत नव्हती. हे मला तेव्हा कळलं नाही. अशोकनं आत्ता, तू गेल्यावर सांगितलं. म्हणाला, चहाच्या टपरीवर कुणीतरी ती गोष्ट सांगत होतं, तेव्हा संपतभाऊ गप झाला. एरवी असलं काही ऐकलं की तो म्हणायचा, भारी सीन हाय. त्या दिवशी म्हणाला नाही. चहा अर्धा ठेवून उठला.

म्हणजे तुला कळलं होतं. मग का रे नाही गेलास? त्या दिवशी जरी माझ्याकडे आला असतास, तरी मी तुला कानाला धरून नेलं असतं.

होळी झाली. ऊन तापायला लागलं. तू आवाज भरायला माझ्याकडे आलास, माझ्या घराच्या मागच्या खोलीत रस्त्याचा आवाज येत नाही म्हणून. दुपारची वेळ. तू आल्या आल्या म्हणालास, "बाई, पंखा बंद करा. वारं लागतंय."

मी म्हणाले, एवढ्या उकाड्यात? ताप आलाय का तुला?

"तळहात मुंग्या आल्यावानी करतोय. जुनीच जखम. झोप न्हाई दोन रात्री."

मी पंखा बंद केला. तुझ्यापुढे पाण्याचं भांडं ठेवलं, नेहमीचं स्टीलचं. तू उचललंस. ओठापर्यंत नेलंस. आणि तुझा गळा असा आवळला, जणू आतून कुणीतरी मूठ बांधली. तू भांडं खाली ठेवलंस. हसलास. "घसा धरलाय," म्हणालास. पुन्हा उचललंस. या वेळी भांडं तोंडाजवळ यायच्या आधीच तुझी मान मागं गेली, पाणी सांडलं, आणि फरशीवरून वाहणाऱ्या त्या ओघळाकडे तू ज्या नजरेनं पाहिलंस ती नजर तुझ्या एकाही पिक्चरमध्ये नाही. कुणाला ती करता येणार नाही.

मी तीसएक वर्षं विज्ञान शिकवलं. त्या क्षणी मला सगळं कळलं आणि काहीही कळून उपयोग नव्हता.

"संपत, इंजेक्शनं किती घेतलीस?"

"सगळी घेतली की, बाई."

मी बाहेर जाऊन लताला फोन लावला. माझा आवाज शांत ठेवायला मला फार कष्ट पडले. विचारलं, लता, तू याला पुढच्या इंजेक्शनांना कधी कधी नेलंस गं?

ती म्हणाली, "मी? मी कुठं नेलं, बाई? तुमीच तर नेत हुता त्येला!"

रस्त्यावर एक टेम्पो गेला तो आवाज दोन्हीकडून ऐकू आला. तुझ्या घरापासून माझं घर केवढंसं लांब. तू मला तिचं नाव सांगितलंस, तिला माझं. आम्ही दोघी एकमेकींवर भरवसा ठेवून निवांत राहिलो.

किती साधा डाव होता, संपत. आणि कशासाठी? सुईसाठी! नगरला गाडीत नेताना मला ते आठवलं. आठवीत टोचायला नर्स आल्या तेव्हा तू वर्गाच्या खिडकीतून उडी मारून पळाला होतास आणि संध्याकाळपर्यंत कुणाला सापडला नव्हतास. माणसाच्या मानेवर घोणस सोडणारा दिग्दर्शक सुईला भ्यायचा. लताला हे माहीत नव्हतं. ती म्हणाली, लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी कधी सांगितलं न्हाई.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेतलं. चांगला माणूस होता. जे सांगायचं ते त्यानं सरळ सांगितलं आणि आमच्याबरोबर तिथंच उभा राहिला, लगेच गेला नाही. तुला वेगळी खोली दिली. खिडकीला जाड पडदा. मी जवळच केडगावला भावाकडं राहून येत होते, लता दारातून हलत नव्हती.

मधूनमधून तू अगदी शुद्धीवर असायचास. हे लोकांना माहीत नसतं. त्यांना वाटतं माणूस भुंकतो, चावतो. तू मला ओळखत होतास. मी दारात उभी होते.

"बाई, पंखा चालू हाय का कुठं?"

"नाही रे. सगळं बंद आहे."

"मला वारं ऐकू येतंय."

मी दार आणखी लोटून घेतलं.

"लई भ्या वाटतंय, बाई."

"कशाचं?"

तू विचार केलास. खरंच विचार केलास, फळ्याजवळ उभं केलं की करायचास तसा. "कशाचंच न्हाई. नुसतं भ्या हाय. त्येच्या म्होरं काय न्हाईच." मग तुझ्या चेहऱ्यावर तुझं ते नेहमीचं, अर्ध्या बाजूचं हसू आलं. "एवढं भ्या पिक्चरमदी टाकलं, तर कुनी बघनार न्हाई."

मला तेव्हा म्हणायचं होतं, तुझे पिक्चर मला आवडायचे. इतकी वर्षं मी नुसतं 'बरा झालाय' म्हणत आले. उसाच्या कडेला बसलेलं ते जनावर पाहून मी घरी येऊन दाराची कडी दोनदा तपासली होती, हे सांगायचं होतं. पण मी म्हणाले, "लता आत येतेय. तू जास्त बोलू नकोस." शिक्षकाची सवय. शेवटपर्यंत तुला गप्पच बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास.

त्यानंतर काय झालं ते तुला कोण सांगणार, म्हणून मीच सांगते. तुझी गल्ली काठ्या घेऊन उठली. तुझी मित्रमंडळी, शेजारी, दशक्रियेला रडलेली माणसं. भाकरीत काहीतरी कालवून टाकलं. सकाळी गटाराच्या कडेला कुत्री ताठ होऊन पडलेली. पिवळी, काळी, ज्या कुत्रीनं नुकती पिल्लं घातली होती तीसुद्धा. मी लताकडे गेले. म्हटलं, तू सांग त्यांना, तुझं ऐकतील. ती भिंतीला टेकून बसली होती. वर न बघता म्हणाली, "मारू द्या, बाई. एकबी ठेवू नका म्हनावं."

मी बाहेर आले. माणसांना सांगायला लागले की चावलेलं कुत्रं केव्हाच मेलं असणार, ते आजारी होतं, या बाकीच्यांना लस टोचून घेऊ. एक जण शांतपणे म्हणाला, "बाई, तुमी शिकवलंय आमाला, तुमचा मान हाय. पन आमची पोरं रस्त्यावर खेळत्यात. ह्यातलं कोनतं आजारी हाय ते तुमी बघून सांगा." मी समोरच्या कुत्र्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होतं.

गुरांच्या दवाखान्यातली माणसं मी बोलावून आणली. त्यांनी उरलेल्यांना टोचलं. पण उरलेली कुत्री आता हाताला लागत नव्हती. ट्रॉलीखाली, उकिरड्यामागं दडलेली. जाळी टाकून धरावी लागली. आता तुझ्या गल्लीत कुत्री भुंकत नाहीत. कुणी आलं गेलं तरी नाही. गल्लीच्या टोकाला, माणसानं मारलेल्या दगडाच्या टप्प्याबाहेर, ती बसलेली असतात. नुसती बघतात. मी तिथून जाते तेव्हा मुद्दाम वेग वाढवत नाही, पण पाय आपोआप उचलले जातात. मला तुझा राग येतो. मग वाटतं, संपत इथं हवा होता, कॅमेरा कुठं लावायचा ते त्यानं बरोबर सांगितलं असतं.

मागच्या आठवड्यात अशोक आला. कॅमेऱ्याची पिशवी मांडीवर घेऊन बसला. मग म्हणाला, त्या दुपारी कॅमेरा चालू राहिला होता. म्हणजे तू ठिपके काढत होतास तेव्हा. सगळं त्यात आहे.

आम्ही पाहिलं. तू कुत्र्याशी बोलतोयस, "आता हिकडून, हिरो, सरक." ते सरकत नाही. त्याचा खालचा जबडा जरा लोंबतोय, तोंडातून लाळेची तार सुटलीय. उन्हात ती चमकते, तू तिकडे बघत नाहीस, तुझं लक्ष ठिपक्यावर. मग तो हात. मग ते चावतं. आणि तू, ज्याचा हात रक्तानं भरलाय तो तू, कुत्र्यालाच म्हणतोयस, "आरं आरं, काय न्हाई, काय न्हाई. भिऊ नगं." कुत्रं एकदा वर बघतं. मी तिथं थांबवायला लावलं. पुन्हा मागं नेलं, पुन्हा पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग शोधला. भीती शोधली. काहीच नाही रे. दार उघडं आणि घरात कुणी नाही, असा चेहरा.

अशोक रडत म्हणाला, "संपतभाऊ असता तर म्हनला असता, टाक पिक्चरमदी. आपल्याला असला शॉट आयुष्यात घावला न्हाई."

म्हणाला असतास. मला शंका नाही. पण लता म्हणाली नको, आणि ते तिचं आहे. तो पिक्चर तसाच पडून आहे, त्यातलं जनावर अजून उठलेलं नाही.

आता आपलं भांडण. माझ्याकडे कारण आहे, संपत. मी ते फळ्यावर काढून दाखवू शकते. लाळ, जखम, मज्जातंतू, मेंदू. एका आजारी जनावरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. बाण काढून, नावं घालून. सगळं समजतं. तू म्हणायचास, कारण कळलं की माणूस निवांत होतो, जाऊन झोपतो. मी तेवढंच म्हणते की ते खरं नाही. मला कारण पूर्ण माहीत आहे आणि मला झोप येत नाही.

कारणाचं जाऊ दे. माणसानं सुईला भ्यावं आणि ते बायकोला सांगायला लाजावं, हे कशात बसवायचं ते मला कुणी शिकवलं नाही.

तुझी लाळ ज्यांना ज्यांना लागली असेल त्या सगळ्यांना डॉक्टरांनी टोचून घ्यायला सांगितलं होतं. मी, लता, अशोक. दर वेळी मी तिला घ्यायला जायचे. तुझ्या डावाचा आम्हा दोघींवर एवढा परिणाम झाला की आता आम्ही बरोबरच जातो, कुणी कुणावर सोपवत नाही. ती वाटेत बोलायची नाही. दवाखान्यात बाही वर करायची, तोंड फिरवायची, बाही खाली करायची. पाणी आलं नाही डोळ्यांत, एकदाही. गावातल्या बायका म्हणायला लागल्या होत्या, ही रडत कशी नाही.

काल शेवटचं होतं. रांग होती. कुणाला कुत्रं, कुणाला मांजर, एका म्हाताऱ्या बाबाला माकड. लताचा नंबर आला. नर्सनं दंडावर सुई टोचली, काढली, कापूस दाबला आणि म्हणाली, "झालं तुमचं. आता परत यायची गरज नाही."

लतानं कापूस उचलून दंडाकडे पाहिलं. तिथं काही दिसतही नव्हतं. ती बघतच राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "एवढंच हुतं व्हय, बाई?"

नर्सला वाटलं, ती दुखण्याबद्दल विचारतेय. ती म्हणाली, "हो मावशी, एवढंच. चला, पुढचे या."

लता उठली नाही. तिथंच, त्या स्टुलावर, उघडा दंड दुसऱ्या हातानं घट्ट धरून ती रडायला लागली. मोठ्यानं. आख्ख्या रांगेनं माना वळवल्या. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. मागच्या बाईचा नंबर होता. तिनं उठा म्हटलं नाही. आपला कागद पदरात धरून ती तशीच थांबून राहिली.